किडनी-लिव्हर बदललेल्या माणसाच्या अंगावर काही उठलं तर: काय करायचं, कोणत्या क्रमाने

माझ्या दादाची किडनी बदलून आठ वर्षं झाली. किडनी आईची. दादाची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि माझं सांगलीत मेडिकल. घरात औषधांचं कळणारं माणूस असूनही जे झालं, त्यासाठी हे लिहायला बसले आहे.

ऑपरेशनला तीन वर्षं झाली होती. एप्रिल महिना, बागेत खरड छाटणी चाललेली, घामाने कपडे अंगाला चिकटलेले. दादाला जांघेत गजकर्ण झालं. जांघेतलं बहिणीला काय सांगायचं, म्हणून तो गप्प बसला. कुठल्याशा दुकानातून एक ट्यूब आणली. चार दिवस बरं वाटलं, मग खाज दुप्पट जागेत पसरली. मग कोणीतरी पंधरा दिवसांच्या कॅप्सूल दिल्या. आठवड्याने मी गावी गेले तेव्हा दादा चहाची बशी तोंडाशी नेत होता आणि चहा सदऱ्यावर सांडत होता. हात थरथरत होते.

"दादा, नवीन काय घेतोयस?"

"काय नाय गं, खाजेच्या गोळ्या हायत्या."

पाकीट बघितलं. इट्राकोनाझोल, बुरशीवरचं औषध. दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. टॅक्रोलिमसची, म्हणजे नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून रोज घ्यायच्या गोळीची, रक्तातली लेव्हल हवी त्याच्या दुपटीहून वर, आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावली की वाढणारा आकडा, १.३ वरून २.१. त्याच्या नेफ्रॉलॉजिस्टनी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनी, कॅप्सूल थांबवल्या, टॅक्रोलिमस काही दिवस कमी केलं, दर दोन दिवसांनी रक्त बघितलं. क्रिएटिनिन १.५ पर्यंत खाली आलं, १.३ मात्र पुन्हा कधी दिसलं नाही.

इट्राकोनाझोल वाईट औषध नाही. पण टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन ही औषधं ज्या एन्झाइममुळे शरीरात मोडली जातात, तेच एन्झाइम इट्राकोनाझोल अडवतं. डोस तोच राहतो, औषध मात्र रक्तात साठत जातं, आणि टॅक्रोलिमस जास्त झालं की ते किडनीलाच त्रास देतं. आईची किडनी एका खाजेच्या औषधाने धोक्यात आली होती.

म्हणून पुढचं सगळं वाचण्याआधी एवढं पक्कं करा. अंगावर काहीही उठलं तरी रिजेक्शनची गोळी स्वतःहून थांबवायची नाही आणि दुसरं कुठलंही औषध स्वतःहून सुरू करायचं नाही. गोळी थांबवली तर शरीर नवा अवयव परका म्हणून नाकारू लागतं, आणि कित्येकदा त्याची जाणीवही होत नाही, थेट रक्ताच्या रिपोर्टात दिसतं.

पहिलं काम: आजच जायचं की दोन दिवस थांबता येईल, हे ठरवा

पुढच्यापैकी काहीही असेल तर पुढे सांगितलेली फोटो-वही काही नको, रात्र असली तरी निघा: अंगावर फोड येऊन कातडी सोलवटते आहे, तोंडात, डोळ्यांत किंवा लघवीच्या जागी एकाच वेळी जखमा झाल्या आहेत, पुरळासोबत ताप आहे, ओठ, जीभ, चेहरा सुजलाय किंवा श्वास लागतोय, कातडीखाली जांभळे ठिपके उठलेत, पाय लाल, गरम, सुजलेला आहे आणि लाली तासातासाने वर चढते आहे. या माणसांना ताप थोडाच येतो, कधी येतही नाही, कारण ताप आणणारी प्रतिकारशक्तीच आपण गोळ्यांनी दाबून ठेवलेली असते. त्यामुळे "ताप नाही, म्हणजे साधंच असेल" हा हिशोब इथे चालत नाही.

अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे, आग होणारे पाण्याचे फोड म्हणजे नागीण. यावरचं औषध फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालं तर सर्वांत उपयोगी पडतं, आणि त्याचा डोस किडनी किती काम करते त्यावर ठरतो. आपल्याकडे अजूनही आधी गेरू लावून रेखून घेतात, उतरवणाऱ्याकडे नेतात, आणि त्यातच ते तीन दिवस निघून जातात. घरातल्या मोठ्या माणसांचं मन मोडायचं नसेल तर दवाखान्यातून आल्यावर काय ते करा. घरात किंवा शेजारी कुणाला कांजिण्या आल्या आणि आपल्या माणसाचा त्यांच्याशी संबंध आला असेल, तर फोड यायची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा.

दुसरं काम: फोटो आणि वही

पुरळाची एक खोड असते. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत ते बदलतं किंवा जातं. म्हणून दिसल्यादिवशीच फोटो काढा. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी. एक लांबून, म्हणजे अंगावर कुठे कुठे आहे ते कळेल. एक जवळून, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळेल. रोज त्याच जागेचा एक. फोटो काढण्याआधी हळद, चंदन, कॅलामाईन काही लावू नका. हळद लावलेल्या कातडीवर लाली किती आहे हे कुणालाच सांगता येत नाही, आणि हळदीच्या गावातली म्हणून मी हे रोज बघते.

वहीत चार गोष्टी: कधी सुरू झालं, कुठून सुरू झालं, खाजतं की दुखतं की काहीच नाही, आणि मागच्या दोन महिन्यांत औषधांत काय बदललं. चौथी गोष्ट सर्वांत मोलाची आणि नेमकी तीच लोक विसरतात. नवी गोळी तर लिहाच, पण डोस कमी-जास्त झाला असेल, दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची स्ट्रिप दिली असेल, कुणी काढा दिला असेल, गुडघ्याला मलम लावलं असेल, तेही लिहा. टॅक्रोलिमसची कंपनी बदलली की लेव्हल पुन्हा तपासावी लागते. दिवसातून एकदा घ्यायची आणि दोनदा घ्यायची टॅक्रोलिमस ही दोन वेगळी औषधं समजा. एकाच्या जागी दुसरं चालत नाही. स्ट्रिपचा रंग वेगळा दिसला तर काउंटरवरच विचारा. विचारलेलं आम्हाला आवडतं.

तिसरं काम: कुठल्या गोळीने काय होतं, त्याच्याशी ताडून बघा

हे ताडून बघायचं ते डॉक्टरांना नीट सांगता यावं म्हणून; निदान करायचं काम त्यांचं. पुढची नावं रिजेक्शनच्या गोळ्यांची आहेत.

प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडची गोळी. पहिल्या काही महिन्यांत, डोस जास्त असताना, छातीवर, पाठीवर, खांद्यावर एकसारखे बारीक फोड येतात. तरुणपणीच्या मुरमांत काही काळे, काही पिकलेले, काही नवे असं मिश्रण असतं. हे मात्र सगळे एका वयाचे दिसतात. चेहरा गोल होतो, पोटावर-मांडीवर जांभळट पट्टे उमटतात, कातडी पातळ होऊन जरा धक्का लागला तरी काळंनिळं पडतं. डोस उतरत जातो तसं यातलं बरंच ओसरतं. पट्टे फिके होतात, पूर्ण जात नाहीत. फोड फोडू नका.

सायक्लोस्पोरिन. चेहऱ्यावर, पाठीवर, हातांवर केस वाढतात आणि हिरड्या सुजून दातांवर चढतात. ब्लडप्रेशरसाठी अम्लोडिपिन चालू असेल तर हिरड्या आणखी वाढतात, कारण ते औषधही तेच करतं. दर सहा महिन्यांनी दात साफ करून घ्या आणि डेंटिस्टला दोन्ही औषधांची नावं सांगा.

केसांबद्दल थोडं थांबून सांगते. माझ्या काउंटरवर एक मुलगी यायची. लग्नाचं बघत होते. तिच्या स्ट्रिपा हिशोबाने जितक्या संपायला हव्या तितक्या संपत नव्हत्या. एकदा दुकानात कोणी नसताना विचारलं, तर म्हणाली, "ताई, दाढी येतीय मला. मी एक दिवसाआड घेते." घरात बोलली होती; घरचे म्हणाले, जीव वाचला हे बघ, दिसण्याचं काय घेऊन बसलीस. हे उत्तर चुकीचं आहे, आणि ते तिच्या जिवावर बेतलं असतं. सायक्लोस्पोरिनऐवजी टॅक्रोलिमस देता येतं का हे डॉक्टर बघू शकतात, तिचं तसंच केलं. दिसण्याची तक्रार ही औषधाची तक्रार आहे आणि ती पहिल्याच भेटीत सांगायची असते.

टॅक्रोलिमसचं उलटं. त्याने केस गळतात, काहींना खाज सुटते. खाजेसोबत हात थरथरत असतील, जुलाब होत असतील, डोकं दुखत असेल तर लेव्हल वाढलेली असू शकते. उलट जुलाब लागल्यानेही लेव्हल वाढते. लेव्हलसाठी रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं. गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा फुगलेला येतो आणि त्यावरून डोस चुकीचा कमी होऊ शकतो.

सिरोलिमस आणि एव्हरोलिमस. तोंडात दुखरे छाले, मुरमांसारखे फोड, पायांवर सूज, आणि जखम भरायला उशीर. म्हणून कुठलंही ऑपरेशन ठरलं, दाढ काढायची असली तरी, आधी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना सांगायचं. याच्यासोबत रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिलसारखी ब्लडप्रेशरची गोळी असेल तर ओठ-जीभ अचानक सुजू शकते.

मायकोफेनोलेटने मुख्यतः पोट बिघडतं; काहींना तोंडात छाले येतात, केस गळतात.

अझाथायोप्रिन. सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप, मळमळ आणि पुरळ एकत्र आलं तर ती त्या औषधाची ॲलर्जी असू शकते, त्याच दिवशी कळवा. हे औषध कातडीला उन्हाबाबत हळवं करतं. आणि युरिक ॲसिडसाठी कुणी ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट लिहून दिलं तर पाकीट उघडू नका. अझाथायोप्रिनसोबत ते घेतलं तर रक्तातल्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतात.

आता एक गोष्ट जी बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पहिल्या काही महिन्यांत सगळ्यांना फुप्फुसाच्या संसर्गापासून वाचवायला को-ट्रायमोक्साझोल देतात, ज्याला आपण सेप्ट्रान म्हणतो. अंगभर लाल, खाजरं पुरळ उठलं की घरचे टॅक्रोलिमसवर संशय घेतात, पण अशा पुरळाचं कारण बऱ्याचदा ही सल्फाची गोळी असते. म्हणून पहिल्या महिन्यांतल्या कुठल्याही पुरळाच्या वेळी फोनवर न विसरता सांगा, "सेप्ट्रानही चालू आहे."

जे गोळीचं वाटतं पण संसर्गाचं असतं

दादाचं गजकर्ण यातलंच. प्रतिकार दबलेला असला की बुरशी, विषाणू, जिवाणू सगळ्यांनाच मोकळं रान मिळतं, आणि त्यांचं रूपही नेहमीसारखं राहत नाही. शिबं छाती-पाठभर पसरतात. चामखिळी एकाच्या वीस होतात. त्यांना घोड्याचा केस बांधू नका, ब्लेड लावू नका, रक्त आलं की त्या आणखी पसरतात आणि जखम चिघळते. खरूज या माणसांत जाड खपल्यांची होते, खाज कमी आणि किडे हजारोंनी, मग सगळं घर खाजवायला लागतं.

ट्यूबेचं जरा सविस्तर सांगते, कारण हे दुखणं माझ्या धंद्यातलं आहे. गजकर्णावर खपणाऱ्या कित्येक ट्यूबांत बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड असतं. ट्यूब उलटी करा, मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर ती जांघेत, काखेत लावायची नाही. खाज दोन दिवसांत थांबते म्हणून माणूस खूश होतो, खाली बुरशी मात्र स्टेरॉइडच्या आडोशाने वाढत राहते, कडा पुसट होतात, आणि मग स्किनच्या डॉक्टरांनाही ती ओळखायला कातडी खरवडून बघावी लागते. बुरशीचं नुसतं मलम थोड्या जागेवर लावलं तर साधारणपणे लेव्हलवर परिणाम होत नाही. पोटात घ्यायचं औषध लागलंच तर टर्बिनाफीनचा टॅक्रोलिमसशी तसा मोठा झगडा नाही, पण किडनी कमी चालत असेल तर तेही टाळतात. निवड दोन्ही डॉक्टरांनी मिळून करायची.

शेतकऱ्यांसाठी वेगळं. बाभळीचा काटा, उसाचं पातं, बागेतली तार असं काहीही लागलं तर जखम साबण-पाण्याने धुवा आणि तारीख लिहून ठेवा. मातीतली बुरशी काट्याबरोबर आत जाते आणि कधी काही महिन्यांनी त्या जागी न दुखणारी गाठ येते. दुखत नाही म्हणून ती दुर्लक्षित राहते. अशी गाठ कापून तपासायला पाठवतात, वरून मलम लावून ती जात नाही. बागेत हातमोजे, गमबूट आणि पूर्ण बाह्यांचा सदरा. औषध फवारायचं काम दुसऱ्या कुणाकडे द्या.

आणि पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ ला कृष्णा घरात शिरली तेव्हा किती जणांचे पाय बोटांच्या बेचक्यांत कुजले ते मी पाहिलंय. ट्रान्सप्लांट झालेल्याने पुराच्या पाण्यात उतरायचं नाही, ओसरल्यावर गाळ काढायलाही नाही. नदीकाठी राहत असाल तर महिन्याची औषधं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वरच्या मजल्यावर ठेवा, आणि इशारा आला की पहिली ती पिशवी उचला.

चौथं काम: दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांसमोर म्हणायचं वाक्य

गल्लीतले डॉक्टर असोत, डेंटिस्ट असोत की मिरजेतले मोठे स्पेशालिस्ट, चिठ्ठी लिहायच्या आधी म्हणा: "माझी किडनी बदललेली आहे, टॅक्रोलिमस चालू आहे, नवीन औषधाआधी माझ्या नेफ्रॉलॉजिस्टना फोन लावू का?" यात डॉक्टरांचा अपमान नाही. नाव पाठ होत नसेल तर कागद मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवा. त्या कागदावर मी दादासाठी खालची नावं लिहून दिली आहेत.

लेव्हल वाढवणारी: फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल, किटोकोनाझोल, व्होरिकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, डिल्टियाझेम, व्हेरापामिल. लेव्हल पाडणारी: टीबीचं रिफॅम्पिसिन, फिटची फेनिटोइन, कार्बामाझेपिन. किडनीला थेट मारक: डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या आणि इंजेक्शनं. यांतली काही डॉक्टर जाणूनबुजून देतातही, पण तेव्हा डोस आणि तपासणी दोन्ही बदलतात.

घरगुती गोष्टींतही हे बघावं लागतं. ग्रेपफ्रूट आणि आपलं पपनस लेव्हल वाढवतं, ते बंद. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्षं नव्हेत. माहितीपत्रकातला तो शब्द वाचून दादाने वर्षभर स्वतःच्या बागेतलं द्राक्ष तोंडात घातलं नव्हतं! द्राक्षं नीट धुऊन खाता येतात, साखर किंवा पोटॅशियमचं पथ्य असेल तर तेवढं विचारून. आमटीतली हळद चालते. हळदीच्या कॅप्सूल आणि अर्क नकोत, त्याने टॅक्रोलिमस वाढल्याची नोंद आहे. गुळवेल आणि प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे तर अजिबात नकोत. आपण गोळ्या घेतो त्या प्रतिकार दाबायला. वाढवणारं काही घेणं म्हणजे स्वतःच्याच औषधाशी भांडणं. शिवाय गुळवेलाने लिव्हर बिघडल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये मांडल्या आहेत.

रोजचं, आणि महिन्यातून एकदाचं

कोमट पाण्याने अंघोळ, साबण थोडा, अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधं बिनवासाचं क्रीम. बोटांच्या बेचक्या टॉवेलने कोरड्या. सुती, सैल आतले कपडे, ओले अंगावर वाळवायचे नाहीत. स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमसने अनेकांना नव्याने शुगर सुरू होते. जांघेतली किंवा लघवीच्या जागेची खाज पुन्हा पुन्हा येत असेल तर शुगर तपासा. पुरळ नसताना अंगभर खाज असेल तर क्रिएटिनिनही.

ऊन. गोऱ्या लोकांत ट्रान्सप्लांटनंतर कातडीचा कॅन्सर फार होतो. आपल्या सावळ्या कातडीत तो बराच कमी आहे, पण नाहीच असं नाही, आणि तो बऱ्याचदा जिथे ऊन लागत नाही तिथे निघतो: तळवे, तळपाय, गुप्तांग, जुन्या भाजल्याचा व्रण. ज्यांचं अझाथायोप्रिन किंवा व्होरिकोनाझोल चालू आहे त्यांनी उन्हाला जास्त जपावं. जत-आटपाडीच्या उन्हात टोपी, पूर्ण बाह्या आणि दहा ते चार सावली हेच मुख्य, क्रीम त्यानंतर. क्रीम घ्यायचं तर एसपीएफ ३० किंवा वर. चेहरा-मानेला दोन बोटांभर, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा, घाम आला तर त्याआधीही. महाग ट्यूब चिमूटभर लावण्यापेक्षा स्वस्त भरपूर लावा.

महिन्यातून एक रविवार ठरवा. अंघोळीनंतर, उजेडात, आरसा घेऊन. डोक्याची कातडी, कानामागे, ओठ, तोंडाच्या आत, काखा, छातीखाली, जांघ, गुप्तांग, तळहात, तळपाय, नखं. पाठ घरच्यांनी बघायची. चार आठवड्यांत न भरलेली जखम, वाढती किंवा रक्त येणारी गाठ, शिंगासारखा कडक झालेला कोंब, रंग बदललेला तीळ असं काही असेल तर स्किनच्या डॉक्टरांकडे. काही नसलं तरी वर्षातून एकदा त्यांना अंग दाखवा.

नागिणीवरची जिवंत विषाणू नसलेली लस २०२३ पासून भारतात मिळते. महाग आहे, पण पुढच्या भेटीत विचारा. जिवंत विषाणूंच्या लसी ट्रान्सप्लांटनंतर चालत नाहीत.

मागच्या दिवाळीनंतर दादाच्या उजव्या हाताच्या बोटावर वाटाण्याएवढी गाठ आली. या वेळी त्याने फोटो पाठवला, शेजारी रुपयाचं नाणं, खाली लिहिलेलं: "दुखत न्हाय. जूनमधी काटा मोडला हुता." आठवड्यात ती काढून तपासायला दिली. बुरशीच निघाली. बुरशीची गोळी सुरू झाली तेव्हा टॅक्रोलिमसचा डोस त्याच दिवशी कमी केलेला होता, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सातला, गोळी न घेता, दादा लॅबच्या पायरीवर बसलेला होता.